नेनची क्षमता कशी बांधायची: उडत्या तलवारीचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. मित्रांबरोबर खेळायच्या रोल-प्लेइंग गेमसाठी ‘हंटर × हंटर’ या जपानी मांगाच्या (चित्रकथेच्या) जगातलं एक पात्र तयार केलंय. त्या जगात प्रत्येक जिवात ऑरा नावाची जीवनशक्ती असते आणि ती वापरण्याच्या विद्येला नेन म्हणतात. पात्र एन्हान्सर आहे, म्हणजे शरीराची किंवा वस्तूची ताकद वाढवणाऱ्या गटातलं. ते रिकाम्या हातात ऑराची तलवार निर्माण करतं, ती फेकतं, लांबूनच मनाने फिरवतं आणि चिडलं की त्याची ताकद दुप्पट होते. बाकीचे खेळाडू म्हणतात, हे नेन वाटतच नाही. चुकतंय कुठे, आणि तलवार तशीच ठेवून पात्र दुरुस्त होईल का?

तुमच्या मित्रांचं बरोबर आहे आणि तलवारही वाचवता येईल. घोटाळा क्रमात झालाय. तुम्ही आधी एक देखणं दृश्य डोळ्यांसमोर आणलंत आणि मग त्याला नेनचे शब्द चिकटवलेत. नेनमध्ये सगळं उलट्या बाजूने सुरू होतं: माणूस कसा आहे, त्याचा ऑरा कोणत्या गटात पडतो, पायाची तयारी किती आहे, तो कशावर पाणी सोडायला तयार आहे, आणि या सगळ्यातून सर्वांत शेवटी क्षमता निघते. योशिहिरो तोगाशी यांची ही मांगा १९९८ मध्ये ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात सुरू झाली. तिच्यातल्या लढती आजही पुन्हापुन्हा वाचाव्याशा वाटतात त्या या शिस्तीमुळे. तिथे ताकद फुकट मिळत नाही, कुठेतरी किंमत मोजलेली असते. पुढे कथेतल्या बऱ्याच गोष्टी उघड कराव्या लागतील, तेव्हा मालिका अर्धवट झाली असेल तर आधी ती संपवा.

पायापासून सुरुवात करू, कारण तुमच्या पात्राच्या कागदावर पायाचा उल्लेखच नाही. प्रत्येक जिवंत शरीरातून ऑरा थोडाथोडा झिरपत असतो. त्याला वाट देणारी छिद्रं सामान्य माणसात जवळजवळ मिटलेली असतात. ती उघडायचे दोन रस्ते आहेत: ध्यान आणि सरावाने हळूहळू, किंवा नेन येणाऱ्या कोणीतरी आपला ऑरा अंगात ढकलून एका झटक्यात. झटक्याने उघडली की ऑरा उसळून बाहेर पडू लागतो आणि तो वेळेत आवरता आला नाही तर माणूस गळून कोसळतो. हेवन्स अरीना या लढतींच्या २५१ मजली टॉवरमध्ये नेन न शिकता २०० व्या मजल्यावर पोचणाऱ्यांच्या नशिबी हाच दुसरा रस्ता येतो, तोही शत्रूच्या फटक्यातून. तिथले लढवय्ये गिदो आणि त्याचे साथीदार हात-पाय गमावलेले दिसतात ते त्यामुळे. तुमच्या पात्राने नेन कोणत्या रस्त्याने मिळवलं हे एका ओळीत लिहा. पुढच्या कित्येक गोष्टी त्या ओळीवरून ठरतील.

मूळ तत्त्वं चार. तेन म्हणजे ऑरा अंगाभोवती धरून ठेवणं. झेत्सु म्हणजे छिद्रं पूर्ण मिटून ऑरा बंद करणं: त्याने माणूस दुसऱ्याच्या जाणिवेतून नाहीसा होतो, थकवाही लवकर भरून निघतो, पण त्या अवस्थेत नेनचा साधा फटकासुद्धा जिवावर बेततो. रेन म्हणजे नेहमीपेक्षा जास्त ऑरा निर्माण करून तो उसळता ठेवणं. आणि हात्सु म्हणजे तो ऑरा आपल्या स्वतःच्या पद्धतीने वापरणं. लोक ज्याला ‘पॉवर’ म्हणतात ती फक्त ही चौथी पायरी. हौशी पात्रांच्या कागदावर चौथी पायरी दोन पानं भरून असते आणि आधीच्या तीन कोऱ्या.

रेन किती वेळ टिकतो हा आकडा तर मी सर्वांत आधी लिहायला सांगेन. कथेतली गुरू बिस्केट क्रूगर आपल्या दोन शिष्यांना, गॉन आणि किलुआला, सांगते की रेनचा वेळ १० मिनिटांनी वाढवायला साधारण एक महिना लागतो. हे एकच माप हाताशी धरा. तुमचं पात्र ४० मिनिटं रेन धरू शकतं असं लिहिलंत, तर त्यामागे काही महिन्यांची रोजची मेहनत आली. ती कुठे, कोणाकडे केली? तीन तास धरतं असं लिहिलंत तर दीड वर्ष सराव आला. खेळाच्या सुरुवातीला नवखं पात्र घ्यायचं असेल तर २० ते ३० मिनिटांवर थांबा. लढत लांबली की ऑरा संपतो ही भीती पानापानावर राहिली पाहिजे.

चार तत्त्वं एकमेकांत मिसळून पुढची तंत्रं बनतात. ग्यो: ऑरा शरीराच्या एका भागात, बहुधा डोळ्यांत, गोळा करणं. इन: आपला ऑरा समोरच्याच्या नजरेतून लपवणं, आणि इनवर उतारा ग्योचाच. एन: ऑरा भोवताली पसरवून त्यात येणारी प्रत्येक वस्तू जाणणं. दोन मीटरपेक्षा जास्त पसरवून एक मिनिटाहून अधिक टिकवला तरच त्याला एन म्हणायचं. तलवारबाज नोबुनागाचा एन चार मीटरचा आहे आणि तो तेवढ्यावर समाधानी आहे, कारण त्याच्या तलवारीची पोच तेवढीच. मारेकऱ्यांच्या घराण्यातल्या झेनो झोल्डिकचा ३०० मीटरपर्यंत जातो. शू: हातातल्या वस्तूला आपल्या ऑराने वेढणं. ग्रीड आयलंड या कथेतल्या खेळात बिस्केट दोघांना फावडी देऊन डोंगरातून बोगदा खणायला लावते तो शूचाच सराव आहे. नुसतं फावडं खडकावर बोथट होईल. ऑरा फावड्याच्या टोकापर्यंत नेता आला तर खडक मातीसारखा निघतो, आणि मधेच लक्ष उडालं की फावडं पुन्हा साधं फावडं होतं.

लढाईचं खरं गणित मात्र केन, को आणि ऱ्यू या तिघांत आहे. केन म्हणजे रेनचा ऑरा सगळ्या अंगावर सारखा पसरून धरणं. बचाव चारही बाजूंनी होतो, पण खर्च मोठा. को म्हणजे सगळाच्या सगळा ऑरा एका जागी. गॉनच्या जाजानकेन या दगड-कागद-कात्रीवर बेतलेल्या क्षमतेतला ‘दगड’ कोवरच उभा आहे. जवळून पाहिलं तर त्यात किती गोष्टी एकापाठोपाठ होतात बघा: तेनने ऑरा धरायचा, झेत्सुने बाकीच्या अंगाची छिद्रं मिटायची, रेनने ऑरा वाढवायचा, ग्योने तो मुठीत आणायचा आणि हात्सुने सोडायचा. हे सगळं होईपर्यंत मूठ कमरेपाशी मागे खेचलेली असते, तोंडाने मोजणी चाललेली असते, आणि मुठीशिवायचं संपूर्ण शरीर उघडं पडलेलं असतं. लाथ बरगडीत बसली की खेळ आटोपला. म्हणून गॉनला ‘कात्री’ आणि ‘कागद’ लागतात. कात्रीत ऑराची धार होते, म्हणजे ट्रान्सम्युटेशन. कागदात ऑराचा गोळा सुटतो, म्हणजे एमिशन. दोन्ही दगडापेक्षा कमकुवत आहेत, पण मूठ मागे गेलेली पाहून शत्रूने दगडच येणार असं धरून चालू नये यासाठी ते पुरेसे आहेत.

ऱ्यू म्हणजे केन आणि को यांच्या मधला सगळा प्रदेश: हल्ल्याच्या क्षणी मुठीत ७० टक्के, अंगावर ३०, अडवताना हाताच्या पुढच्या भागात ६०, बाकी ४०. हे प्रमाण क्षणोक्षणी बदलत राहायचं. बिस्केट हे शिकवताना दोघांना अतिशय संथ गतीने लढायला लावते. एक ठोसा हळूच येतो, दुसरा त्याच जागी तेवढाच ऑरा नेतो, आणि प्रमाण बिनचूक जमलं तरच वेग थोडा वाढवायचा. ऱ्यूत चूक होते ती बहुतेकदा घाईने. ऑरा हातापेक्षा आधी पोचला तर शत्रूला ठोसा कुठून येणार ते दिसतं, आणि उशिरा पोचला तर हाडाला हाड लागतं. लढतीचं वर्णन करताना ‘त्याने जोरात मारलं’ एवढंच न लिहिता कुठून ऑरा काढला आणि कुठे नेला ते लिहा. निम्मं नेन तिथेच उभं राहतं.

आता गट. सहा गट एका षट्कोनाच्या कोपऱ्यांवर बसवलेत. वरच्या टोकाला एन्हान्समेंट, म्हणजे शरीराची किंवा वस्तूची मुळातली ताकद वाढवणं. एका बाजूने खाली येताना ट्रान्सम्युटेशन, ऑराला दुसऱ्या कशाचे तरी गुण देणं, आणि त्याच्या खाली कॉन्ज्युरेशन, ऑरापासून प्रत्यक्ष वस्तू घडवणं. दुसऱ्या बाजूला एमिशन, ऑरा शरीरापासून तोडून लांब टिकवणं, आणि त्याच्या खाली मॅनिप्युलेशन, वस्तू किंवा सजीव आपल्या इच्छेने चालवणं. तळाच्या कोपऱ्यात स्पेशलायझेशन, बाकी कुठेच न बसणारं. स्वतःच्या गटात माणूस १०० टक्क्यांपर्यंत जातो, शेजारच्या कोपऱ्यात ८०, त्यापलीकडे ६०, आणि अगदी समोरच्यात ४०. स्पेशलायझेशन जन्मजात किंवा आयुष्याच्या ओघात आलं तर आलं, इतरांसाठी ते शून्य. कॉन्ज्युरर आणि मॅनिप्युलेटर त्याचे शेजारी असल्याने त्यांच्यातून स्पेशलिस्ट होण्याची शक्यता जास्त.

गट ओळखायला पाण्याची परीक्षा आहे. पेला पाण्याने काठोकाठ भरायचा, वर एक पान तरंगत ठेवायचं, दोन्ही तळवे पेल्याच्या बाजूंना न टेकवता धरायचे आणि रेन करायचा. पाणी वाढून सांडलं तर एन्हान्सर, चव बदलली तर ट्रान्सम्युटर, पाण्यात कण दिसले तर कॉन्ज्युरर, रंग पालटला तर एमिटर, पान हललं तर मॅनिप्युलेटर. याहून वेगळं काही झालं तर स्पेशलिस्ट. ही परीक्षा फक्त निदानाची नाही. त्याच पेल्यावर रोज रेन करून बदल जास्तीत जास्त मोठा करत नेणं हाच हात्सुचा पहिला अभ्यास आहे. स्वभावावरून गट सांगण्याची हिसोका या कथेतल्या लढवय्याचीही एक पद्धत आहे (एन्हान्सर सरळ आणि हट्टी, ट्रान्सम्युटर लहरी आणि खोटारडे, एमिटर तापट, मॅनिप्युलेटर तर्कट आणि आपल्याच चालीने चालणारे, कॉन्ज्युरर काळजीखोर). तिला आधार काही नाही, पण पात्राचा स्वभाव आणि गट जुळवायला ती फार कामाची आहे.

आता तुमच्या एन्हान्सरकडे या. तलवार घडवणं म्हणजे कॉन्ज्युरेशन: ६०. हातातून सुटल्यावर तिचा ऑरा टिकवणं म्हणजे एमिशन: ८०. हवेत फिरवणं म्हणजे मॅनिप्युलेशन: ६०. ज्या गटात तो १०० आहे तो या क्षमतेत कुठेच वापरलेला नाही. तुमच्या मित्रांना खटकलं ते हेच, जरी त्यांना ते शब्दांत सांगता आलं नसेल.

कथेत हीच चूक कास्ट्रो करतो. तो एन्हान्सर. ‘टायगर बाइट फिस्ट’ नावाची त्याची पंजाची शैली इतकी तयार, की तेवढ्यावरही तो हिसोकाला जड गेला असता. पण तो आपलीच प्रतिकृती उभी करणारी क्षमता घेऊन बसतो. तिला कॉन्ज्युरेशनही लागतं आणि मॅनिप्युलेशनही, म्हणजे दोन्ही त्याच्या ६० टक्क्यांच्या घरात. ती उभी करण्यात आणि चालवण्यात त्याचं सगळं डोकं अडकून पडतं. शिवाय प्रतिकृती त्याच्या मनातल्या स्वतःच्या रूपासारखी निघते, त्यामुळे लढताना त्याच्या अंगाला लागलेली धूळ तिच्यावर नसते आणि हिसोका तेवढ्यावरून खरा कोण ते ओळखतो. मेमरी वाया घालवलीस, हा हिसोकाचा शेरा प्रत्येक पात्राच्या कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवावा असा आहे. माणसाची मेमरी मर्यादित असते. चुकीच्या गटातली एक गुंतागुंतीची क्षमता तिचा इतका भाग खाते की पुढे काही शिकायला जागाच उरत नाही.

याच्या उलट उवोगिन, फँटम ट्रूप या चोरांच्या टोळीतला एन्हान्सर. त्याचा ‘बिग बँग इम्पॅक्ट’ म्हणजे उजव्या हाताचा एक ठोसा, बस्स. कसलीही सजावट नाही. पण तो शंभर टक्के त्याच्या गटातला आहे, आणि जमिनीत खड्डा पाडतो. मला नेनमधली सर्वांत प्रामाणिक क्षमता तीच वाटते.

‘रिकाम्या हातात तलवार’ हा भागही तुम्हाला वाटतो तितका स्वस्त नाही. कुरापिका कॉन्ज्युरर आहे, म्हणजे वस्तू घडवणं त्याच्या १०० टक्क्यांत बसतं, तरी साखळी घडवायला त्याला काय करावं लागतं ते बघा. गुरू इझुनावी त्याला खरी लोखंडी साखळी देतो आणि दुसरं काहीही करू देत नाही. दिवसभर ती हातात घोळवायची. डोळे मिटून कड्या चाचपायच्या, तिची चित्रं काढायची, तिचा आवाज ऐकायचा, वास घ्यायचा, जिभेने चाटून बघायची. साखळी स्वप्नात येऊ लागल्यावर गुरू ती काढून घेतो. मग हाताला नसलेल्या साखळीचा भास होऊ लागतो: आधी तिचं वजन, मग गारवा, मग आवाज. आणि एके दिवशी भासाच्या जागी साखळी असते. ज्या पात्राने तलवार आयुष्यात कधी पुसली नाही, तिला तेल लावलं नाही, तिच्या पात्याने बोट कापून घेतलं नाही, त्याने ती हवेतून काढली हे वाचक मानत नाही. किलुआच्या विजेचंही तसंच आहे. लहानपणापासून घरच्यांनी त्याला विजेचे झटके दिले म्हणून त्याच्या शरीराला वीज ठाऊक आहे. शिवाय ती संपते, आणि पुन्हा कुठूनतरी भरून घ्यावी लागते.

आता ‘चिडलं की ताकद दुप्पट’. भावनेने ऑरा उसळतो हे खरं, पण ही अट नव्हे. अट म्हणजे ज्याने वापरणाऱ्याची अडचण होते ती. नेनमध्ये स्वतःवर बंधन घालून घ्यायचं आणि ते मोडलं तर काय भोगायचं याची शपथ घ्यायची. बंधन जितकं जाचक, तितकी क्षमता बळकट. कुरापिकाच्या उजव्या हाताच्या पाच साखळ्यांपैकी मधल्या बोटाची ‘चेन जेल’ फक्त फँटम ट्रूपच्या सदस्यांवर चालते आणि दुसऱ्या कोणावर वापरली तर त्याचा स्वतःचा जीव जातो. म्हणूनच ती उवोगिनसारख्याला जखडून झेत्सुत ढकलू शकते. डोळे लाल झाल्यावर कुरापिका सगळ्या गटांत १०० टक्क्यांवर पोचतो, पण त्या अवस्थेच्या प्रत्येक सेकंदाला आयुष्यातला एक तास जातो. दहा मिनिटं वापरली की पंचवीस दिवस गेले.

फँटम ट्रूपचा म्होरक्या क्रोलो याची दुसऱ्याची क्षमता चोरण्याची पद्धत अटी कशा रचाव्यात याचा उत्तम नमुना आहे. क्षमता स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची, तिच्याविषयी विचारायचं आणि त्या माणसाने उत्तर द्यायचं, त्याचा तळवा पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच्या पंजाच्या ठशावर टेकवायचा, आणि हे सगळं एका तासाच्या आत. चारही अटी त्याला शत्रूच्या जवळ जायला आणि बोलायला भाग पाडतात, म्हणजे धोक्यात घालतात. गेंथ्रू या खलनायकाचा ‘काउंटडाउन’ तसाच. स्पर्श करून ठराविक शब्द उच्चारायचा आणि मग क्षमता कशी चालते ते सावजाला समजावून सांगायचं. तेव्हा सावजाच्या हृदयाच्या ठोक्यांनी ६००० पासून उलटी मोजणी सुरू होते. सुटका कशी करून घ्यायची हेही तो सांगून टाकतो. आपलं गुपित उघडं करणं हीच त्याची किंमत.

आणि नकल नावाचं पात्र. ‘हाकोवारे’ या आपल्या क्षमतेत तो शत्रूला स्वतःचा ऑरा कर्जाऊ देतो आणि त्यावर दर १० सेकंदांना १० टक्के व्याज चढत जातं. कर्ज शत्रूच्या कुवतीपलीकडे गेलं की तो दिवाळखोर, ३० दिवस सक्तीचा झेत्सु. ही सरळसरळ सावकारी आहे. पण नकलला त्यासाठी आधी आपल्या पदरचा ऑरा शत्रूला द्यावा लागतो आणि मग तेवढा वेळ जिवंत राहावं लागतं. शत्रूला मारायचंच नाही अशी क्षमता त्या हळव्या माणसाला शोभते. स्वभावातून क्षमता निघणं म्हणतात ते हे.

अट खरी की दिखाऊ हे तपासायला एकच प्रश्न पुरतो: ऐन लढतीत, अगदी नको त्या क्षणी, ही अट आपल्याच गळ्यात पडू शकते का? ‘फक्त दुष्टांवर चालते’ ही अट नाही, कारण दुष्ट कोण हे वापरणाराच ठरवणार. फँटम ट्रूपचं सदस्यत्व ही ठाम गोष्ट आहे, ओळखण्यात चूक होऊ शकते, आणि चुकीला मृत्यू आहे. ‘दिवसातून एकदाच’ ही बरी अट आहे, पण एकाच दिवशी दोन लढती आणायची खेळ चालवणाऱ्याची तयारी असेल तरच.

तलवार आता पुन्हा उभी करू. दोन वाटा आहेत.

पात्र एन्हान्सरच ठेवायचं असेल तर तलवार खरी घ्या आणि हातातून सोडू नका. शूने तिला वेढणं आणि तिची मुळातली धार वाढवणं ही १०० टक्क्यांची कामं आहेत. फार तर वार करताना पात्याच्या टोकापासून ऑराचा एक पट्टा सुटू द्या, तो ८० टक्क्यांत बसतो. हे पात्र रांगडं होईल आणि चांगलंच होईल.

पण तुमचा जीव उडणाऱ्या तलवारीत अडकलेला दिसतो, तर पात्र मॅनिप्युलेटर करा. मग मॅनिप्युलेशन १००, एमिशन ८०, एन्हान्समेंट ६०, कॉन्ज्युरेशन ६०, ट्रान्सम्युटेशन ४०. तलवार इथेही खरीच हवी. मॅनिप्युलेटर बहुधा स्वतःच्या ओळखीचं अवजार बाळगतात: मोरेलचा अजस्र पाइप, शालनार्कच्या टोचायच्या अँटेना आणि फोन. अवजार नेहमीचं असलं की पकड घट्ट बसते. त्याच्यात दुबळेपणाही आपोआप येतो, अवजार गेलं की क्षमता गेली. लांब कटानाऐवजी वाकिझाशी घ्या, जिचं पातं ३० ते ६० सेंटिमीटरच्या दरम्यान असतं. हवेत वळवायला ती जास्त पटण्यासारखी आहे, आणि हातघाईवर आलं तर अरुंद जागेतही चालते.

आकड्यांत काय होतं ते बघू. मांगात असं सूत्र दिलेलं नाही, खेळासाठी मी सुचवतोय तो हिशेब असा. पात्राचा ऑरा १०० भाग धरा. त्याने ७० तलवारीत घातला, ३० अंगावर ठेवला. धार वाढवणं त्याच्या ६० टक्क्यांत येतं, म्हणजे ७० भागांची प्रत्यक्ष धार ४२. समोर तेवढाच ऑरा असलेला एन्हान्सर असेल आणि त्याने हातावर नुसता ५० आणला तर तलवार अडली. त्याने उरलेल्या ५० चा ठोसा मारला तर तुमच्या अंगावरचे ३० अपुरे पडले. समोरासमोर हे पात्र हरतं, आणि हरलंच पाहिजे. त्याला जिंकायचं तर वार अशा जागी पोचवावा लागेल जिथे शत्रूचा ऑरा नाही: मानेमागून, पायांमागून, शत्रू स्वतः वार करत असताना. एक बारीक मुद्दा लक्षात ठेवा, तुमचे मित्र इथे पकडतील. इनने ऑरा लपतो, आणि कुरापिकाने ऑरापासून घडवलेली साखळीही लपू शकते. लोखंडी तलवार लपत नाही. लपेल तो फक्त तिच्यातला ऑरा, म्हणजे शत्रूला ती भिरकावलेली, आता निरुपयोगी झालेली तलवार वाटेल. तुमची पहिली चाल तिथेच दडली आहे.

४२ वर ताकद वाढवायची तर अटी घ्या. मी अशा घेईन. एक, हीच एक तलवार चालते. ती मोडली तर नवी हाती आल्यावर सहा महिने रोज वापरल्याशिवाय उडणार नाही. दोन, उडवण्याआधी त्या लढतीत तिने शत्रूला हातात धरून एकदा तरी स्पर्श केलेला असला पाहिजे, ओरखडाही चालेल. तीन, तलवार हवेत असताना पात्राने जागेवरून पाऊल हलवायचं नाही. हललं तर ती पडेल आणि त्या दिवशी पुन्हा उठणार नाही. दुसरी अट त्याला जवळ जायला लावते आणि तिसरी त्याला उभं लक्ष्य बनवते. या बदल्यात खेळ चालवणाऱ्याने धारेचा आकडा ४२ वरून ७० पर्यंत नेऊ द्यायला हरकत नसावी. तिन्ही अटी एकदम जाचक वाटल्या तर पहिली काढा, तिसरी काढू नका. लढतीत रंगत तिसरीच आणते.

पोच किती ठेवायची? एमिशन ८० असल्याने २० मीटरवर कोणी हरकत घेणार नाही. शंभर मीटर लिहिलंत तर पात्र एमिटर का नाही, हा प्रश्न येईल. आणि शत्रूच्या अंगातल्या कपड्यांना, त्याच्या हातातल्या शस्त्राला हुकूम सोडायचा मोह टाळा. मॅनिप्युलेशनमध्ये आधी ज्याने ताबा घेतला त्याचं चालतं, वरून दुसऱ्याला ताबा घेता येत नाही. हा नियम एकदा खेळात आला की तुमच्याविरुद्धही वापरला जाईल.

मार्शल आर्टची बाजू राहिली. तिसऱ्या अटीमुळे तुमच्या पात्राला पाय न हलवता लढता आलं पाहिजे: कमरेतून वळणं, हाताने अडवणं, तोल न सोडता खाली झुकणं. कथेतल्या शिन्गेन या मार्शल आर्ट शैलीची बैठक त्याला चांगली जमेल. सरावाचं माप हवं असेल तर हंटर संघटनेचा वृद्ध प्रमुख नेतेरो याच्याकडे बघा. वयाच्या ४६ व्या वर्षी त्याने रोज दहा हजार ठोसे मारायचं ठरवलं, प्रत्येकाआधी हात जोडून प्रार्थना. सुरुवातीला अठरा तासांहून जास्त लागले, म्हणजे एका ठोशाला साडेसहा सेकंद. पन्नाशी ओलांडल्यावर सगळे एका तासाच्या आत, एकाला सेकंदाच्या एक तृतीयांशाच्या आसपास. त्याच्या क्षमतेत मागे उभी राहणारी अनेक हातांची कान्नोन ही जपानी बौद्ध देवता म्हणजे मुळात आपला अवलोकितेश्वर. मुंबईच्या कान्हेरीत ४१ क्रमांकाच्या लेण्यात अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर कोरलेला आहे, तो बघून या, त्या दृश्याचं वजन वेगळंच जाणवेल. तंत्राच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की प्रत्येक प्रहाराआधी हात जोडावेच लागतात. ही कृती टाळता येत नाही, म्हणून नेतेरोने सगळं आयुष्य ती कृती जलद करण्यात घातलं. तुमच्या पात्रालाही तलवार सोडण्याआधीची एक ठराविक हालचाल द्या, उदाहरणार्थ मुठीवरचा अंगठा उचलणं, आणि त्याचा रोजचा सराव फक्त तेवढ्याचाच ठेवा.

पहिली चाचणी लढत एखाद्या साध्या एन्हान्सरशी लावा आणि तुमचं पात्र कोणाला तरी दुसऱ्याला चालवायला द्या. तुम्ही शत्रू व्हा. तीन डावांत तुम्हाला तिसरी अट कळली आणि तुम्ही त्याला जागेवरून हलायला भाग पाडलंत, तर क्षमता बरोबर बांधली गेली आहे. तलवार एकदाही जमिनीवर पडली नाही तर पोच १२ मीटरवर आणा आणि पुन्हा खेळा.